घरचा कारभार : माळ्यावरचा लहान संगणक

होळी होऊन गेली की आमच्या परभणीचं ऊन असं तापायला लागतं, की अकरानंतर दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. मग त्या दुपारी मी दरवर्षी एक काम काढते, ते म्हणजे माळा आवरण्याचं. तुमच्याही घरी माळा असेलच. कान तुटलेल्या बरण्या, आहेरात आलेली न वापरलेली ताटं, मुलांची जुनी दप्तरं आणि ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेलं बरंच काही. यंदा गोधड्यांच्या गाठोड्याखाली एक काळी पिशवी सापडली. उघडून पाहते तो आत आमचा लहान संगणक! नेटबुक म्हणतात त्याला. वहीपेक्षा जरासा मोठा, दहा इंची पडद्याचा. चिरंजीव तंत्रनिकेतनात गेले तेव्हा, २००९ च्या दिवाळीत, ह्यांच्या बोनसमध्ये भर घालून घेतलेला.

पिशवी हाती आली आणि मला आत्याबाई आठवल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. २०१० च्या मे महिन्यात थोरलीचं लग्न झालं. हळद दळायला जातं मांडलं, जात्याला हळकुंड बांधलं, सवाशिणींनी खुंट्याला हात लावला आणि आत्याबाईंनी ओवी धरली, ती तासभर थांबल्या नाहीत. चिरंजीवांनी हे यंत्र शेजारी पाटावर ठेवून त्यांचा आवाज त्यात भरून घेतला. दोन वर्षांनी आत्याबाई गेल्या. त्यांच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नव्हत्या आणि त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. पुढे घरात मोठे मोबाईल आले, हे यंत्र हळू चालू लागलं, मग बंदच पडलं आणि माळ्यावर गेलं. थोरली नांदेडहून फोन करते तेव्हा अधूनमधून विचारते, “आई, आजीच्या ओव्या कुठंयत गं?” मी म्हणते, “आहेत माळ्यावर.” बघा, किती सहज म्हणत होते मी!

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. मुलानं यंत्र लावून पाहिलं. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली आणि तिथंच थांबली. तो म्हणाला, “काकू, ह्याची विंडोज उडाली. फॉरमॅट मारावं लागतंय. पण कशाला पैसे घालायलात? ह्याच्यात आता काहीच चालत नाही. नाहीतर ठेवून जा, भंगाराचे दोनशे देतो.”

मी म्हणाले, “मार बाबा फॉरमॅट.” खोटं कशाला सांगू? म्हणाले, आणि पायरीही उतरले. उन्हात रिक्षाची वाट बघत उभी होते, तेव्हा कुठं सुचलं म्हणून मागे वळून विचारलं, “फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं राहतं ना रे?”

“नाही काकू. सगळं साफ होतं.”

तशीच पिशवी उचलली आणि घरी आले. हात कापत होते माझे. त्या मुलाची चूक नव्हती. आत काय आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

बिघडतं काय?

आमच्या वन्संची मुलगी इथल्या कृषी विद्यापीठात शिकते, वसतिगृहात राहते. रविवारी जेवायला येते. तिला हे सांगितलं तर हसायलाच लागली. म्हणाली, “मामी, यंत्र नाही बिघडलं. आतला कारभारी बिघडला.”

तिनं समजावलं तसं मी तुम्हाला सांगते. संगणकाचे दोन भाग असतात. एक म्हणजे घर : पडदा, कळा, आतली चकती, मेंदू. दुसरा म्हणजे त्या घराचा कारभारी. कुणाला आत घ्यायचं, कुणाला जागा द्यायची, कुठली वस्तू कुठल्या फडताळात, हे सगळं तो पाहतो. विंडोज हे अशाच एका कारभाऱ्याचं नाव. आमच्या यंत्रावर होती विंडोज एक्सपी. ती करणाऱ्या कंपनीनं ८ एप्रिल २०१४ पासून तिची देखभाल थांबवली. पुढच्या कारभाऱ्यांना मोठा वाडा लागतो, आणि आमचं घर एका खोलीचं. मोठ्या वाड्याचा कारभारी एका खोलीत आणला की तो एकटाच खोली भरून टाकतो. घरच्यांना बसायला जागा उरत नाही. जुनं यंत्र ‘हळू’ झालं म्हणतो आपण, त्याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं.

लहान घराला बेताचा कारभारी मिळतो. तो लिनक्सच्या कुळातला.

लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीला शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्स या तरुणानं लिहायला घेतला आणि जगापुढे ठेवला : बघा, वापरा, सुधारा. तेव्हापासून देशोदेशीची माणसं त्यात भर घालत आली. वापरण्याचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. भिशीत पैसे घालतात तशी इथं माणसं आपलं काम घालतात. या गाभ्याभोवती वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे संसार मांडले. त्यातला एक जुना आणि भरवशाचा संसार डेबियन. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी तो सुरू केला आणि त्या वेळच्या मैत्रिणीचं, पुढे पत्नी झालेल्या डेब्राचं नाव आपल्या नावाला जोडून ‘डेबियन’ केलं. आपल्याकडे लग्नात नाव घेतात, त्यांनी संगणकातच घेतलं म्हणा! आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनंही २००७ साली डेबियनच्याच आधारानं ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स काढली.

या लहान यंत्रांचं आणि लिनक्सचं नातं नवं नाही बरं का. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांच्या हाती हिरवे-पांढरे लहान संगणक आले. ‘दर मुलामागे एक संगणक’ या जागतिक योजनेचा भारतातला तो पहिला प्रयोग. त्या यंत्रांत स्मरणशक्ती होती अवघी २५६ एमबी, म्हणजे आपल्या माळ्यावरच्या यंत्राच्या चौथा हिस्सा. आत कारभारी लिनक्स, आणि वाडीतली मुलं त्यावर लिहीत, चित्रं काढत होती. त्याच वर्षी बाजारात पहिलं गाजलेलं नेटबुक आलं, असूसचं ‘ई पीसी’, सात इंची पडद्याचं. तेही दुकानातून लिनक्स घेऊनच निघालं होतं. म्हणजे आपण म्हातारपणी यंत्राला काही परकं घालतोय असं नाही. त्याच्या माहेरचंच लेणं त्याला परत चढवतोय.

चूल न पेटवता स्वयंपाक

आता मुख्य गोष्ट. हे एवढंच लक्षात ठेवलंत आणि बाकीचं विसरलात तरी माझं लिहिणं कारणी लागलं.

लिनक्स यंत्रात न बसवताही चालवून पाहता येते. ती पेनड्राइव्हवर घ्यायची, पेनड्राइव्ह यंत्राला लावायचा आणि यंत्राला सांगायचं, ‘आज आतल्या चकतीवरून उठू नकोस, ह्याच्यावरून ऊठ.’ आतल्या चकतीला हातही लागत नाही. घरातली चूल न पेटवता अंगणातल्या शेगडीवर स्वयंपाक करावा तसं. स्वयंपाकघरात काय जिथं आहे तिथंच राहतं, आणि आपण खिडकीतून डोकावून सगळे डबे पाहू शकतो.

भाचीनं तसंच केलं. पेनड्राइव्ह लावला, कळ दाबली. मिनिट-दीड मिनिट पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावल्या. मी म्हटलं, गेलं! पण नाही. पडदा उजळला, खाली पट्टी आली, घड्याळ आलं. डाव्या बाजूला जुन्या चकतीचं नाव दिसत होतं. तिच्यावर टिचकी मारली तशी चिरंजीवांची कप्पेवार रचलेली सगळी वस्तीच समोर आली. नोट्स, सिनेमाची गाणी, लग्नाचे फोटो. आणि एका कप्प्याचं नाव नुसतंच ‘आजी’.

तिनं ते लावलं. आधी जात्याची घरघर आली. मग कुणीतरी खोकलं, ते मामंजी. आणि मग आत्याबाईंचा आवाज.

हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर तसाच हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. कुणी काही बोललं नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं आम्ही तिघं ऐकत होतो. गॅसवरची भाजी करपली, ते नंतर कळलं.

ऐकून झाल्यावर भाचीनं पहिलं काम काय केलं असेल, तर तो कप्पा दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. एक आमच्या कपाटात, एक थोरलीकडे नांदेडला. जी गोष्ट एकाच ठिकाणी आहे ती कुठंच नाही असं समजा. सोनं आपण एका डब्यात ठेवतो का?

म्हणून सांगते : जुनं यंत्र भंगारात देण्याआधी, ‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी, एकदा असं डोकावून पाहा. आणि दुकानदाराकडे न्यायचंच असेल तर पहिलं वाक्य हेच बोला, “आतलं आधी काढून दे.”

साहित्य

जुनं नेटबुक आणि त्याचा चार्जर. ८ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, एक लिनक्ससाठी आणि एक आतल्या वस्तू उतरवून घ्यायला. वस्तू जास्त असतील तर दुसरा मोठा घ्या. अर्धा तास वापरायला मिळेल असा दुसरा एखादा संगणक, शेजारच्या मुलाचा चालेल. एक वही आणि पेन. आणि एखादी मोकळी दुपार.

आता कुठली लिनक्स? २००८-०९ च्या बहुतेक नेटबुकांत इंटेलचा ॲटम एन २७० जातीचा मेंदू असतो. तो ३२-बिटचा आहे. म्हणजे असं समजा, की त्याच्या मापट्यात ३२ मावतात. ६४-बिटच्या मापानं लिहिलेलं त्यावर चालतच नाही. तेव्हा उतरवून घेताना ‘३२-बिट’ किंवा ‘३८६’ असं लिहिलेलीच निवडा. आम्ही घेतली ती ‘अँटिक्स’. इंग्रजीत ‘अँटी’ लिहून पुढे मोठा एक्स काढतात. ग्रीसमध्ये सुरू झालेली आणि जुन्या यंत्रांसाठीच बेतलेली. तिची २३ क्रमांकाची आवृत्ती डेबियन १२ वर उभी आहे आणि ३२-बिटमध्ये मिळते. आणखी एक ‘पपी’ नावाची आहे, ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कौलर यांनी २००३ साली काढलेली, आपल्या लहानग्या कुत्र्याचं नाव देऊन. तीही अंगानं अगदी हलकी.

आणि हो, फार वेळ दवडू नका. डेबियनवाल्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट यंत्रांवर बसवण्याची सोय बंद केली. मोठ्या घरानं ताट वाढणं थांबवलं की धाकट्या घरांनाही कधीतरी थांबावं लागतं.

कृती

१. दुसऱ्या संगणकावर अँटिक्सची फाइल उतरवून घ्या. ती पेनड्राइव्हवर नुसती ठेवून चालत नाही, रुफस किंवा एचर अशा प्रोग्रॅमनं ‘लिहावी’ लागते. पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, तेव्हा लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊ नका.

२. नेटबुक बंद असताना पेनड्राइव्ह लावा. यंत्र सुरू करताच लगेच कळ दाबत राहा. असूसच्या ई पीसीवर एस्केप, एसरवर बहुधा एफ १२. एसरवर काही झालं नाही तर एफ २ दाबून आतल्या मांडणीत एफ १२ चालू करावी लागते. यादी आली की पेनड्राइव्हचं नाव निवडा.

३. पडदा आला की घाई न करता परीक्षा घ्या. आवाज येतो का? वाय-फाय दिसतं का? सगळ्या कळा उठतात का? वाय-फायचे काही जुने तुकडे लिनक्सशी पटवून घेत नाहीत, ते आत्ताच कळलेलं बरं.

४. जुनी चकती उघडा. जे हवं ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. घेतलेलं एकेक उघडून पाहा. नुसतं नाव दिसलं म्हणजे वस्तू आली असं नाही. आमचे पंधरा-वीस फोटो अर्धवट उतरले होते, ते पुन्हा घ्यावे लागले.

५. इथवर येऊन थांबलात तरी चालेल. पेनड्राइव्हवरूनच यंत्र वापरता येतं. कायमचं बसवायचं असेल तर पडद्यावरच बसवण्याची खूण असते. ती पूर्ण चकती वापरू का असं विचारते. ‘हो’ म्हणाल त्या क्षणी जुनं सगळं जातं. चौथी पायरी पुरी झाल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका, हे मी तिसऱ्यांदा सांगते आहे.

६. बसवताना दोन परवलीचे शब्द मागते. एक रोजचा, एक कारभाऱ्याचा. दोन्ही वहीत लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणालात की गेलंच.

७. एकदा इंटरनेट जोडून सगळं अद्ययावत करून घ्या. याला वेळ लागतो. तोवर भाकरी करून घ्या.

यंत्रात १ जीबी स्मरणशक्ती असेल तर एवढ्यावर भागतं. सुरू झाल्यावर अँटिक्स त्यातली पाव हिश्शाच्या आसपास जागा घेते, बाकीची तुम्हाला. बहुतेक नेटबुकांत एकच पट्टी असते आणि तिच्या जागी २ जीबीची बसते. जुन्या मालाच्या दुकानात मिळाली तर जरूर घाला. एक छोटी खुबी सांगते. पडदा बुटका असल्यानं कधी कधी चौकटीची खालची बटणं दिसेनाशी होतात. तेव्हा आल्टची कळ दाबून ठेवायची आणि चौकट माऊसनं वर ओढायची. मी दोन दिवस ‘ओके’ शोधत बसले होते!

मराठी कसं लिहायचं?

मला वाटलं होतं, यात मराठी कुठून येणार? पण येते, आणि छान येते. देवनागरीसाठी ‘लोहित’ नावाचा मोफत टंक आहे, तो बसवून घ्यायचा. कळांच्या मांडणीत इंग्रजीच्या जोडीला भारतीय भाषांतली मराठी किंवा देवनागरी निवडायची.

इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८० च्या दशकात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं ठरवली. तिची बेतणी पाहिली आणि मी तर खूश झाले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. जिथं इंग्रजी ‘के’ आहे तिथं आपला क, आणि शिफ्ट दाबला की ख. तसंच ग आणि घ, त आणि थ, प आणि फ. शिफ्ट दाबला की अक्षराला श्वास फुटतो. ल च्याच कळेवर शिफ्ट दाबून ळ. आपली बाराखडी ज्याला येते त्याला ही मांडणी परकी वाटत नाही. रोज वीस मिनिटं धरा. पहिल्या आठवड्यात मी एका तासात दहा ओळी लिहिल्या, आता पत्रच्या पत्र लिहिते. आत्याबाईंच्या ओव्या ऐकून ऐकून उतरवून घ्यायचं काम चाललं आहे. काही शब्द मला कळत नाहीत, ते पाथरीकडच्या चुलत सासूबाईंना फोनवरून विचारते. त्यांचंही वय झालंय. हेही काम माळ्यावर टाकण्यासारखं नाही.

काय होतं, काय होत नाही

होतं ते असं. लिहिणं, हिशेब, गाणी ऐकणं, पुस्तकं वाचणं, नातवंडांना चित्रं काढायला ‘टक्स पेंट’. पेनड्राइव्हवर घेतलेले साधे व्हिडिओही चालतात.

माझा सर्वांत उपयोग झाला तो बचत गटात. गटाच्या पंचसूत्रात पाचवं सूत्र हिशेब लिहिण्याचं, आणि रडतं ते नेमकं तिथंच. आमच्या गटात दहा जणी, दरमहा २०० रुपये, म्हणजे महिन्याला २,००० जमा. एकीनं ५,००० उचलले, दरमहा दोन टक्क्यांनी. पहिल्या महिन्याचं व्याज १००. तिनं मुद्दलातले ५०० फेडले की पुढचं व्याज ४,५०० वर, म्हणजे ९०. वहीत हे दर महिन्याला हातानं करताना एक आकडा चुकला की पुढचे सगळे चुकतात आणि मग रुसवेफुगवे. अँटिक्सबरोबर ‘लिब्रे ऑफिस’ येतं, त्यात हिशेबाचा तक्ता असतो. सूत्र एकदा लिहिलं की आकडे आपोआप बदलतात. मागच्या बैठकीला मी यंत्र घेऊनच गेले. एक वहिनी म्हणाल्या, “माय, हे तर माझ्या नातवाचं खेळणं दिसायलंय!” मग आपल्या खात्यावरचा आकडा पाहिला आणि म्हणाल्या, “बरोबर आहे की गं.” वही मात्र सोडू नका. सह्या वहीवरच घ्यायच्या.

होत नाही ते असं. यूट्यूब अडखळतं. व्हॉट्सॲपचं संगणकावरचं रूप उघडतं, पण उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. आणि बँकेचं काम यावर करू नका. फायरफॉक्सनं ३२-बिट लिनक्ससाठी नेहमीच्या नव्या आवृत्त्या २०२५ च्या अखेरीस थांबवल्या. जुन्या कुलपाच्या दाराआड पैसे ठेवू नयेत. ते काम नव्या मोबाईलवर किंवा सरळ बँकेत जाऊन.

राखण

मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीसच्या वर जातो. त्या दुपारी यंत्र गादीवर किंवा गोधडीवर ठेवून चालवू नका. खालची भोकं बंद होतात आणि आतला पंखा गुदमरतो. पाटावर किंवा स्टीलच्या ताटावर ठेवा. वर्षातून एकदा यंत्र बंद करून, चार्जर आणि बॅटरी काढून, मऊ कुंचल्यानं भोकांवरची धूळ झाडा.

बॅटरी बहुतेक मेलेली असते. यंत्र चार्जरवर चालतं, पण वीज गेली की तेही जातं. म्हणून दर पाच मिनिटांनी लिहिलेलं जतन करायची सवय लावा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती लावू नका, टोचू नका. काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका.

यंत्राचं घड्याळ दर वेळी भलतीच तारीख दाखवत असेल तर घाबरू नका. आत नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपलेला असतो. तारीख चुकली की इंटरनेटवरची पानं ‘हे सुरक्षित नाही’ म्हणून उघडतच नाहीत. आमचं यंत्र दोन दिवस असंच हटून बसलं होतं. सेल बदलला आणि रुसवा गेला.

भगिनींच्या शंका

‘मला संगणकातलं काही येत नाही, मी हे करू शकेन का?’ असं सेलूच्या एका भगिनी विचारतात. बाई, पुरणपोळी पहिल्यांदा केली तेव्हा फुटली होतीच ना? पेनड्राइव्हवरून चालवताना ‘बसवा’ म्हणेपर्यंत आत काही बिघडत नाही. चुकलं तर यंत्र बंद करा, पेनड्राइव्ह काढा, पहिल्यासारखं. एखादी भाची, पुतण्या शेजारी बसवून घ्या. पण कळा आपण दाबायच्या, त्यांनी नाही.

‘मुलगा म्हणतो, नवीन घेऊन देतो, जुन्याला कशाला चिकटतेस?’ हे गंगाखेडहून. घेऊन देत असेल तर जरूर घ्या. पण नवीन आलं की त्याच्यावर घरातल्या सगळ्यांचा हक्क सांगितला जातो. एकाला परीक्षा, एकाला ऑफिसचं काम, आणि आपण मागे. या जुन्याला कुणी हात लावत नाही. माझं कपाट सोडलं तर या घरात फक्त माझं असं हे एकच आहे. त्याचा परवलीचा शब्दही मलाच ठाऊक.

‘जुना कारभारी आणि नवा, दोन्ही एकत्र नांदतील का?’ नांदतात. बसवताना चकतीची वाटणी करता येते. पण एका खोलीत दोन चुली! मला विचाराल तर हवं ते काढून घ्या आणि एकच ठेवा.

थोरली गुढीपाडव्याला आली होती. तिच्या मुलीला पणजीचा आवाज ऐकवला. ती म्हणाली, “आजी, हे यंत्र माझ्याएवढं जुनं आहे?” म्हटलं, “तुझ्यापेक्षा मोठं आहे. नमस्कार कर.” आणि तिनं खरोखर केला.

तेव्हा मैत्रिणींनो, या उन्हाळ्यात माळ्यावर चढलात की गोधड्यांच्या खालीही हात घालून पाहा. काही सापडलं तर मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात वाळवणाकडे वळू. ज्वारीच्या पापड्या वाळताना का तडकतात, याविषयी.